वजन, वेग आणि वाफ : एका काकूंचे भौतिकशास्त्राचे प्रश्न



आपल्या इंदूरच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंनी गेल्या काही महिन्यांत भौतिकशास्त्राचे प्रश्न एकेक करून कागदावर लिहून दिले. काकूंची शाळा मराठी. नववीपासून गृहविज्ञान घेतल्यामुळे पदार्थविज्ञानाशी त्यांचा संबंध सुटला तो सुटलाच. आता नातू इंग्रजी माध्यमात नववीला आहे. मुलगा-सून दोघेही नोकरीवर, त्यामुळे शाळेतून आल्यावर तो पहिला प्रश्न आजीलाच विचारतो. काकूंचे म्हणणे असे, की "मला गणित नको, पण गोष्ट कळली पाहिजे. दोनचारदा 'मला नाही माहीत' म्हटले, की पोरगा विचारायचाच थांबेल."

ही काळजी बऱ्याच घरांत असणार, म्हणून ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. गणित फक्त गुणाकार-भागाकारापुरते आहे.

आधी शब्दांविषयी

माळव्यातल्या मराठी घरांत विज्ञान तीन भाषांत वावरते. आजी-आजोबांचे मराठी, शेजारच्या मुलांच्या पुस्तकातले हिंदी आणि आपल्या मुलांचे इंग्रजी. इंग्रजीतले 'मास' म्हणजे मराठीत वस्तुमान, हिंदीत द्रव्यमान. 'वेट' म्हणजे मराठीत वजन, हिंदी पुस्तकात भार. 'टेंपरेचर'ला मराठीत तापमान म्हणतात, हिंदी पुस्तकात नुसते ताप. आपल्याकडे ताप म्हटले की थर्मामीटर आणि क्रोसिन आठवते. 'हीट' म्हणजे मराठीत उष्णता, हिंदीत ऊष्मा. 'इनर्शिया' मात्र मराठीत जडत्व आणि हिंदीतही जड़त्व. शब्द वेगळे असले तरी कल्पना एकच आहे, हे मुलाला एकदा दाखवून दिले की त्याची निम्मी भीती जाते.

प्रश्न 1 : वजन आणि वस्तुमान यांत फरक काय? बाजारात तर दोन्ही किलोच.

वस्तुमान म्हणजे त्या वस्तूत द्रव्य किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते. वस्तू कुठेही नेली तरी तिच्यातले द्रव्य तेवढेच राहते. ओढ मात्र जागेप्रमाणे बदलते.

सराफ्यात पूर्वी सोने तराजूने तोलत. एका पारड्यात सोने, दुसऱ्यात वजने. हा तराजू चंद्रावर नेला तरी 10 ग्रॅम सोने 10 ग्रॅमच भरेल, कारण चंद्र दोन्ही पारड्यांना सारखेच कमी ओढेल. तराजू तुलना करतो, म्हणून तो वस्तुमान सांगतो. रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा मात्र स्प्रिंग किती ताणली गेली ते दाखवतो, म्हणजे ओढ मोजतो. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. पृथ्वीवर 60 किलो भरणारी व्यक्ती त्या काट्यावर चंद्रावर 10 किलोच भरेल, पण ती बारीक झालेली नसेल.

म्हणून शास्त्रात वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वजन, ते एक बल असल्यामुळे, न्यूटनमध्ये. पृथ्वीवर 1 किलो वस्तूचे वजन सुमारे 9.8 न्यूटन असते. 100 ग्रॅमचे लिंबू तळहातावर ठेवले, तर हाताला जाणवतो तो भार साधारण 1 न्यूटन. बाजारात आपण सगळेच किलोत बोलतो आणि त्याने काही अडत नाही, कारण आपले सगळे व्यवहार एकाच पृथ्वीवर चालतात.

प्रश्न 2 : जड वस्तू लवकर पडते ना? पिसापेक्षा दगड आधी पडतो हे तर डोळ्यांना दिसते.

दिसते ते खरे आहे, पण त्याचे कारण जडपणा नाही. कारण हवा आहे. घरीच करून पाहा. एक पुस्तक आणि त्याहून लहान आकाराचा कागद घ्या. दोन्ही वेगवेगळे सोडले तर कागद तरंगत मागे राहील. आता तोच कागद पुस्तकाच्या वर सपाट ठेवून पुस्तक सोडा. दोन्ही बरोबर खाली येतील. कागदाचे वजन तेच आहे, पण आता पुस्तकामुळे त्याला खालून हवेचा अडथळा होत नाही.

गॅलिलिओने यावर एक सुरेख युक्तिवाद केला होता. समजा, जड दगड लवकर पडतो आणि हलका दगड सावकाश. आता दोन्ही दोरीने एकत्र बांधले. हलका दगड जड दगडाला मागे खेचणार, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा सावकाश पडली पाहिजे. पण जोडीचे एकूण वजन तर जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे ती अधिक वेगाने पडली पाहिजे. एकच जोडी सावकाशही आणि लवकरही पडू शकत नाही. म्हणजे मूळ समजूतच चुकीची.

खरे कारण असे. दुप्पट वस्तुमानाच्या दगडाला पृथ्वी दुप्पट जोराने ओढते हे बरोबर. पण त्या दगडाला हलवायलाही दुप्पट जोर लागतो. दुप्पट ओढ आणि दुप्पट आळस यांची बरोबरी होते, आणि दोन्ही दगडांचा वेग सारखाच वाढत जातो. 1971 साली अपोलो 15 मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर, जिथे हवा नाही, एक हातोडी आणि ससाण्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबर खाली पडले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. नातवाबरोबर अवश्य पाहावे.

प्रश्न 3 : बसने ब्रेक मारला की आपण पुढे का जातो? आपल्याला कोण ढकलते?

कोणीही ढकलत नाही. राजवाड्याहून नवलख्याला निघालेल्या बसबरोबर आपणही त्याच वेगाने चाललेले असतो. ब्रेक बसला लागतो, आपल्याला लागत नाही. बस थांबते आणि आपले शरीर आहे त्याच वेगाने पुढे जात राहते. बस सुरू होताना याच्या उलट होते : बस पुढे जाते, आपण जागेवरच राहू पाहतो, म्हणून मागे झुकल्यासारखे वाटते. चालू स्थिती सोडायला तयार नसण्याच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले, त्यातला पहिला हाच.

येथे बहुतेकांची एक अडचण होते. आपल्याला वाटते, की वस्तू चालू ठेवायला सतत जोर लावावा लागतो. हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते. पण हातगाडी आपोआप थांबत नाही, तिला घर्षण थांबवते. कॅरमबोर्डावर पावडर टाकली की सोंगटी जास्त लांब जाते ती याचमुळे. घर्षण पूर्ण नाहीसे झाले तर ती थांबायचे नावच घेणार नाही. जोर लागतो तो वेग बदलायला. वेग टिकवायला नाही.

प्रश्न 4 : मग गाडी थोडी जोरात चालवली तर फरक किती पडतो? नातवंडे ऐकत नाहीत.

काकूंचा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण याचे उत्तर परीक्षेत नाही, रस्त्यावर लागते.

चालत्या वस्तूत गतीची ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट वेगाला नऊपट. ब्रेकला ही सगळी ऊर्जा घर्षणाने काढून घ्यायची असते, म्हणून त्याच रस्त्यावर, त्याच ब्रेकने ताशी 60 किलोमीटर वेगाची स्कूटर थांबायला ताशी 30 च्या चौपट अंतर लागते. शिवाय समोरचे दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ वेगळाच. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. एक सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर तेवढा रस्ता न पाहताच मागे गेलेला असतो.

मुलांना पटवायचे असेल तर उंचीचा हिशेब सांगावा. ताशी 30 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून, पडण्यासारखे. ताशी 60 ने आदळणे म्हणजे सुमारे 14 मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या वरून, पडण्यासारखे. पहिल्या मजल्यावरून उडी मारायला जो मुलगा कचरतो, त्याने चौथ्या मजल्याचा वेग डोक्यावर काही न घालता घेऊ नये.

हेल्मेट काय करते, तेही यातच आले. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो. चेंडू थांबायचा तर आहेच, पण थांबायला थोडा जास्त वेळ आणि थोडे जास्त अंतर मिळाले की हाताला बसणारा जोर कमी होतो. अंडे फरशीवर पडले तर फुटते, गादीवर पडले तर बहुधा वाचते, त्याचेही कारण हेच. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर आदळताना चेपला जातो आणि डोक्याला थांबायला ते थोडे अंतर मिळवून देतो. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे. आतला थर चेपला असेल तर तो पुन्हा कामाला येत नाही. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधीच उडून जाते.

प्रश्न 5 : 10 किलोची पिशवी हातात धरून अर्धा तास उभी राहिले, हात भरून आले. नातू म्हणतो, आजी, तू काहीच कार्य केले नाहीस!

नातू पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे, आणि आजीचे हातही बरोबर आहेत. भौतिकशास्त्रात 'कार्य' हा शब्द फार मर्यादित अर्थाने घेतात : बल लावले आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य झाले. 10 किलोची पिशवी जमिनीवरून 1 मीटर उचलली, तर 98 ज्यूल कार्य झाले. ती नुसती धरून ठेवली, तर पिशवीवर शून्य कार्य. तेवढे काम भिंतीतला खिळाही करतो, आणि त्याला रोज खायला लागत नाही.

मग हात का दुखतात? स्नायू खिळ्यासारखे नसतात. पिशवी धरून ठेवताना आतले तंतू सतत आकसत आणि सैल होत असतात, आणि त्यासाठी शरीराची ऊर्जा खर्च होत राहते. ती पिशवीला मिळत नाही, उष्णतेच्या रूपात निघून जाते. म्हणजे पिशवीवर कार्य शून्य, पण शरीराचा खर्च शून्य नाही. नातवाला हे दोन्ही सांगावे.

आता याच मापाने अन्नाकडे पाहू. मध्यम आकाराच्या एका पोळीतून साधारण 100 किलोकॅलरी मिळतात, म्हणजे सुमारे 4 लाख 18 हजार ज्यूल. 60 किलोच्या व्यक्तीला 3 मीटरचा एक मजला चढायला सुमारे 1,760 ज्यूल पुरतात. स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. तरीही एका पोळीवर जवळजवळ 60 मजले चढता येतील असा हिशेब निघतो. नुसते जिने चढून वजन का उतरत नाही, याचे उत्तर त्यात आहे. ताटाकडेही पाहावे लागते.

प्रश्न 6 : विजेच्या बिलातले 'युनिट' म्हणजे काय? आणि वॉट?

ऊर्जा आणि शक्ती हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आपण एकच मानतो. शास्त्रात ऊर्जा म्हणजे एकूण खर्च आणि शक्ती म्हणजे खर्चाचा झपाटा. नळाचे उदाहरण घ्या. बादलीत किती पाणी जमले ती ऊर्जा. नळाची धार किती मोठी ती शक्ती. वॉट हे धारेचे माप, युनिट हे बादलीचे.

1,000 वॉटचे उपकरण 1 तास चालले, की 1 युनिट. म्हणजे 2,000 वॉटचा गीझर अर्ध्या तासात 1 युनिट खातो, तर 10 वॉटचा एलईडी दिवा तेवढेच खायला 100 तास घेतो. 75 वॉटचा जुना पंखा 1 युनिटवर सुमारे 13 तास चालतो, 30 वॉटचा नवा पंखा सुमारे 33 तास. गीझर सुरू ठेवून विसरणाऱ्याला दिवा बंद करण्यावरून बोलण्याचा हक्क नाही, हे या आकड्यांवरून दिसेल.

एका युनिटमध्ये 36 लाख ज्यूल असतात. काही वाया न जाता ही सगळी ऊर्जा वापरता आली, तर 60 किलोच्या माणसाला 6,100 मीटर उंच उचलता येईल. काही रुपयांत आपल्याला केवढे मोठे काम मिळते, ते यावरून लक्षात यावे.

प्रश्न 7 : पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तर डाळ लवकर शिजते का?

नाही. उष्णता आणि तापमान यांतला फरक येथे कामाला येतो. फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते, तरी ती हातावर पडली तर चटका बसून संपते. उकळते पाणी सांडले तर मोठी जखम होते. ठिणगी फार तापलेली, पण तिच्यात द्रव्य अगदी थोडे, म्हणून उष्णताही थोडी. तापमान म्हणजे किती तापले ते. उष्णता म्हणजे किती ऊर्जा आली किंवा गेली ते.

पाणी एकदा उकळू लागले, की त्याचे तापमान वाढत नाही. जास्त दिलेली सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. आणि ही उष्णता थोडीथोडकी नाही : 1 लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी लागते, तिच्या सातपटीहून जास्त ते सगळे पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणून खळखळ उकळणाऱ्या भांड्याखाली गॅस मोठा ठेवणे म्हणजे स्वयंपाकघर तापवणे. डाळीला त्याचा उपयोग नाही.

पाणी 100 अंशांना उकळते, असे पुस्तकात असते, ते समुद्रसपाटीसाठी. आपले इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी साधारण 98 अंशांनाच उकळते. कुकरमध्ये याच्या उलट होते. वाफ कोंडली जाते, दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. तेवढ्या तापमानाला डाळ पटकन शिजते. वरचे वजन उचलले जाऊन शिट्टी होते, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला. त्यानंतर गॅस बारीक केला तरी आतले तापमान टिकते. आणि दाब उतरण्याआधी झाकण का उघडू नये, तेही यातच आहे : दाब एकदम गेला, की 120 अंशांचे पाणी क्षणात उसळून बाहेर येते.

शेवटचा प्रश्न : हे सगळे नियम सगळीकडे चालतात का?

हा प्रश्न नातवाचा, आजीमार्फत आलेला. त्याचे उत्तर आपल्या शहरातच आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-1 आणि इंडस-2 ही दोन यंत्रे आहेत, ज्यांत इलेक्ट्रॉन गोल फिरवतात. इंडस-1 मध्ये त्यांची ऊर्जा 450 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, इंडस-2 मध्ये 2,500 दशलक्ष; म्हणजे पाचपटीहून जास्त. वर सांगितलेल्या हिशेबाने वेग दुपटीहून जास्त वाढायला हवा. पण तो जवळजवळ वाढतच नाही. इंडस-1 मध्येच इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा दहा लाखांत एका भागाहूनही कमी फरकाने मागे असतो, आणि प्रकाशाच्या पुढे त्याला जाता येत नाही. तेथे आइन्स्टाइनचे नियम लावावे लागतात. स्कूटर, कुकर आणि बस यांना मात्र न्यूटन पूर्ण पुरतो.

घरातल्या मोठ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की मुलांना उत्तर माहीत असणारी आजी हवीच असते असे नाही. "चल, कागद आणि पुस्तक आण, टाकून पाहू" असे म्हणणारी आजी त्यांना पुरते. त्या वेळी शब्द मराठी असले तर मुलाला आपल्या भाषेतही विज्ञान बोलता येते हे कळते, आणि वस्तुमान, जडत्व, उष्णता हे शब्द पुढच्या पिढीच्या तोंडी राहतात.

आपल्या घरात असे प्रश्न निघत असतील तर ते मंडळाच्या कार्यालयात लिहून द्यावेत. ध्वनी आणि प्रकाश यांविषयीचे काकूंचे पुढचे प्रश्न तयार आहेत. त्यांत आपलेही जोडता येतील.